मारोठिया बाजारातल्या पंसाऱ्यांकडे काय घ्यावं आणि काय तिथेच ठेवावं

इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांमध्ये, सराफ्याच्या आसपास, मारोठिया बाजार आहे. सुकामेवा, मसाले आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांमध्येच इथे पंसाऱ्यांची, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्यांची, दुकानं आहेत. घरगुती औषधांसाठी वाळलेली मुळं, साली, फळं आणि फुलं घ्यायची असतील तर शहरातल्या कुठल्याही मॉलपेक्षा किंवा ऑनलाइन पुड्यांपेक्षा हा बाजार चांगला. अट एकच, माल अख्खा घ्यायचा आणि पारखून घ्यायचा. मुळं आणि फळं इथे उत्तम मिळतात, साली बऱ्या. फुलं हंगामात छान असतात, हंगाम सरला की टाकाऊ. बरणीतली तयार चूर्णं मात्र घेऊ नयेत, मग दुकान कितीही जुनं असो.

मुळं चांगली मिळण्याचं कारण माळव्यातच आहे. अश्वगंधा, इसबगोल, तुळशीबी, कलौंजी असल्या मालासाठी नीमचची मंडी देशभर ओळखली जाते, आणि नीमच, मनासा, मंदसौरच्या शेतांमधून तो माल इंदूरला पोचायला फार हात बदलावे लागत नाहीत. पळस आणि धायटी निमाड-सातपुड्याच्या रानातून येतात. स्टेशनजवळच्या सियागंजात हाच माल ठोक भावात मिळतो, पण तिथे पाव किलोसाठी कोणी पोतं उघडून दाखवत नाही. मारोठियात दाखवतात. चार पैसे जास्त गेले तरी त्यासाठी इथेच यावं.

सुरुवात अश्वगंधेपासून, कारण या बाजाराची सगळ्यात जमेची बाजू तीच आहे. दुकानात हिला असगंध म्हणतात. माळव्यात पावसाळ्यात पेरलेलं पीक जानेवारी ते मार्चमध्ये उपटलं जातं, म्हणून ताजा माल मार्चनंतर येतो. साधारण सात सेंटिमीटर लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, पांढरी आणि भरीव मुळी वरच्या प्रतीची मानतात. हातात घेऊन मोडून बघायची. चांगली मुळी कट्‌कन मोडते आणि आतून पांढरी, पिठूळ दिसते. वाकते पण मोडत नाही, ती ओल धरलेली. आतून लाकडासारखे धागे निघाले तर मुळी जून आहे किंवा तिच्यात खोडाचे तुकडे मिसळले आहेत. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पुडीच्या तळाशी बारीक भुगा म्हणजे कीड. या मुळीत पीठ भरपूर असल्याने कीड हिच्यावर सगळ्यात आधी येते. तयार चूर्ण घेतलं की यातलं काहीच कळत नाही, आणि पानं-देठ स्वस्त असल्याने भेसळ नेमकी चूर्णातच होते.

प्रौढ माणसाला चूर्ण दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. सुरुवात तीनने करावी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पोटाला सोसायला हवी असेल तर क्षीरपाक करावा: 5 ग्रॅम भरड, 40 मिली दूध, 160 मिली पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत. दूध तळाला लागून करपतं ते घाईमुळे. मोठ्या आचेवर पाणी उडून जातं आणि मुळीतलं काहीच उतरत नाही. अर्जुनसालीचा क्षीरपाकही याच प्रमाणात होतो. गरोदरपणात, थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना आणि यकृताची तक्रार असलेल्यांनी अश्वगंधा वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

त्रिफळ्याला नाव सोपं, पण बहुतेक पुड्या इथेच फसवतात. हिरडा, बेहडा, आवळा समभाग घ्यायचे ते बिया काढलेल्या गराचे. अख्खी फळं बियांसकट दळली की वजन भरतं आणि अर्धी भुकटी निव्वळ लाकूड असते. बाजारात आवळा बी काढलेला मिळतो, बेहड्याचं सालही वेगळं मिळतं. हिरडा मात्र फोडून घ्यावा लागतो. मोठा, जड, सुरकुत्या असलेला, पाण्यात टाकल्यावर बुडणारा हिरडा चांगला. तरंगणारा किडका किंवा पोकळ. लहान काळा बाळहिरडा हे त्याच झाडाचं कोवळं फळ. तो तुपात परतून वेगळ्या कामाला वापरतात, त्रिफळ्यात घालत नाहीत. आवळा फार काळाकुट्ट असेल तर तो नीट न वाळवता ढिगात पडून राहिलेला असतो. चावून बघितल्यावर आधी आंबट-तुरट आणि मागाहून गोडसर चव यायला हवी.

कुटून देण्याची सोय बऱ्याच दुकानांत आहे आणि ती वापरावी, पण समोर उभं राहून. एकाच यंत्रात आधी काय दळलं होतं हे विचारावं. जुलाब करणाऱ्या सोनामुखीच्या मागोमाग दळलेलं चूर्ण पोटाला वेगळाच अनुभव देतं, आणि मिरचीनंतरच्या चूर्णाबद्दल बोलायलाच नको. यंत्र तापलं की सुगंधी द्रव्यांचा वास उडतो, म्हणून सुंठ, वेखंड, पिंपळी थोडी थोडी करून कुटायला सांगावी. वस्त्रगाळ चूर्ण फक्त पोटात घ्यायच्या औषधासाठी. काढ्यासाठी भरडच हवी. काढ्यात बारीक पूड घातली की तळाला गाळ बसतो, करपतो, आणि गाळणीतून चिखल उतरतो.

किती घ्यायचं? शार्ङ्गधरसंहितेत कच्च्या द्रव्याचा गुण वर्षभर आणि चूर्णाचा दोन महिने टिकतो असं सांगितलं आहे. तोच हिशोब धरावा. दोन माणसं रोज घेणार असतील तर त्रिफळा पाव किलोहून अधिक कुटून आणू नये. रात्री कोमट पाण्याबरोबर प्रत्येकी 3 ते 6 ग्रॅम या मापाने तीन ते सहा आठवड्यांत ते संपतं. बाकी फळं अख्खी घट्ट डब्यात ठेवावीत.

ज्येष्ठमध इथे मुलेठी या नावाने मिळतो. बराचसा माल अफगाणिस्तान, इराणकडून येतो, म्हणून प्रत पोत्यागणिक बदलते. तुकडा तिरका तोडून आत पिवळा रंग बघावा, जिभेवर ठेवून सरळ गोडी बघावी. आतून तपकिरी आणि मागून कडवट लागला तर जुना. घसा बसल्यावर बोटाच्या पेराएवढा तुकडा चघळण्यात काही वावगं नाही, पण रोजच्या चहात महिनोन्‌महिने घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या पुडीत तो नसावा. सुंठ घेताना पांढरीशुभ्र घेऊ नका. ती चुन्यात घोळलेली असते. मळकट, राखाडी-पिवळी, तोडल्यावर नाकात जाणारी सुंठ खरी.

आता फुलं. इथे ग्राहक सगळ्यात जास्त चुकतो, कारण फुलांचं आयुष्य मुळांसारखं नसतं.

पळसाची फुलं, दुकानातला टेसू, होळीच्या आधीपासून यायला लागतात. इंदुरात रंगपंचमीच्या गेरीपर्यंत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंत, त्यांना मागणी असते, त्यामुळे फाल्गुनातला माल ताजा. तेव्हाच वर्षभराचा घ्यावा. श्रावणात पोत्याच्या तळाशी उरलेला घेऊ नये. फूल मांसल असल्याने वरून वाळलेलं दिसलं तरी आत ओल राहते आणि बुरशी धरते. दोन-चार फुलं उकलून बघावीत. आत करडा किंवा पांढरा केसाळ थर दिसला तर पुडी परत द्यावी. चांगल्या सुक्या फुलाचा रंग मळकट केशरी, देठाची वाटी काळपट आणि मखमली असते. लघवीला जळजळ, ओटीपोटात ताण असला की पळसफुलांचा शेक देण्याची पद्धत आपल्या घरांत जुनी आहे. 50 ग्रॅम फुलं लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायची, फुलंच सुती फडक्यात बांधून सोसेल इतकी गरम पुरचुंडी बेंबीखाली ठेवायची, आणि उरलेल्या पाण्याने अंघोळ. पण लघवी पूर्ण अडली असेल, ताप असेल किंवा रक्त दिसत असेल तर शेकात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. उन्हाळ्यातल्या घामोळ्यांवर हेच पाणी गार करून अंगावर घेतात. पाणी फिकट पिवळं उतरलं म्हणून माल वाईट असं नाही. चिमूटभर चुन्याने तेच गडद केशरी होतं, पण ते रंग खेळायला. अंगाच्या औषधी अंघोळीत चुना घालू नये.

धायटी, इथल्या बोलीत धवई, स्वस्त आणि दुर्लक्षित. आसव-अरिष्टं आंबवण्यासाठी वैद्य हीच फुलं घालतात. फुलातल्या मधुरसाबरोबर किण्व (यीस्ट) आपसूक येतं आणि टॅनिन भरपूर असतं. जुलाबावर 1 ते 3 ग्रॅम चूर्ण ताकातून देतात. विटकरी-लाल, नळीसारखी, बोटभरही नसणारी फुलं वसंतात वेचली जातात. पोत्यात पानं, काड्या आणि माती यांचं वजनच जास्त असतं, म्हणून चाळणीवर घेऊन एकदा हलवायला सांगावं. तपकिरी पडलेली फुलं गेल्या वर्षीची असतात.

सुक्या गुलाबपाकळ्यांबाबत हा बाजार साधारणच आहे. पुडी उघडल्याबरोबर वास आला पाहिजे. ओल्या बोटांनी पाकळी चोळल्यावरही वास नाही, तर तो हारांच्या, सजावटीच्या गुलाबाचा माल आहे. त्या फुलांवर फवारणी खाण्याचा विचार करून केलेली नसते. देशी गुलाबाची पाकळी लहान, पातळ आणि गडद गुलाबी असते. लांब दांड्याच्या गुलाबाची जाड आणि वाळल्यावर काळसर लाल. डोकं तापलं, तोंड आलं, तर 5 ग्रॅम पाकळ्या कपभर उकळत्या पाण्यात झाकून पंधरा मिनिटं ठेवाव्यात, गाळून प्यावं किंवा गुळण्या कराव्यात. उकळू नये, सुवास वाफेबरोबर जातो. गुलकंदासाठी सुक्या पाकळ्या घेऊच नका. ताज्या पाकळ्या अर्धा किलो आणि कुटलेली खडीसाखर पाऊण किलो, काचेच्या बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं, तीन-चार आठवडे ऊन. गुलकंद आंबतो त्याची कारणं दोन: पाकळ्या धुऊन ओल्याच घातल्या, किंवा साखरेत कंजुषी केली.

सगळ्यात जपून घ्यायची वस्तू नागकेसर. खरा नागकेसर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पुंकेसर: सोनेरी-तपकिरी, बारीक, सुवासिक धागे. दुकानात या नावावर तीन वेगळ्या वस्तू मिळतात. काळ्या, देठ असलेल्या मिरीसारख्या गोळ्या दालचिनीच्या कुळातल्या झाडांची कोवळी फळं असतात. गोडा मसाल्यात त्या चालतात, औषधात नाहीत. लालसर, गोल कळ्या असतील तर त्या सुरंगीच्या. कोकणात जिच्या वेण्या होतात तीच सुरंगी. धागे दिसले तरच मूळव्याधीच्या पुडीसाठी घ्यावेत. भाव काळ्या गोळ्यांच्या कितीतरी पट असतो, आणि दुकानदाराने दोन्ही वेगवेगळे दाखवले तर त्या दुकानावर भरवसा ठेवायला हरकत नाही. वापरण्याची जुनी रीत अशी: 1 ते 3 ग्रॅम चूर्ण, ताजं लोणी आणि खडीसाखर, सकाळी अनशापोटी. मात्र शौचातून रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच असं घरच्या घरी ठरवू नये. आधी तपासून घ्यावं, विशेषतः पन्नाशीपुढे.

बनफशाची जांभळी फुलं हिमालयाकडून येतात आणि महाग असतात. पुडीत फुलांपेक्षा पानं-देठ जास्त असतील तर भाव फुलांचा देऊ नये. खोकल्याच्या काढ्यात 2 ते 3 ग्रॅम पुरतात. केशराचं एकच सांगतो: चार काड्या कोमट पाण्यात टाका. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. लगेच लाल रंग सुटून काडी पांढरी पडली तर रंगवलेलं. करडईच्या पाकळ्या केशर म्हणून खपवतात. त्यांना केशराच्या काडीसारखं टोकाला रुंदावलेलं तुतारीचं तोंड नसतं. जास्वंदीची सुकी फुलं विकत घेण्याचं कारणच नाही, अंगणातली एकेरी लाल जास्वंद तेलासाठी कधीही सरस. तेल काढताना बुडबुडे थांबेपर्यंत मंद आच ठेवावी. फुलातलं पाणी उरलं की तेल खवट होतं.

पानांत अडुळसा वाळका घेऊ नये. इंदुरातल्या जुन्या वाड्यांच्या कुंपणाला तो सहज असतो, आणि ताज्या पानांचा रस सुक्या तपकिरी भुग्यापेक्षा कितीतरी चांगला. गरोदर बाईला देऊ नये. सोनामुखी, दुकानातली सनाय, हिरवट-पिवळी आणि अख्ख्या पानांची असावी. अर्धा ते दोन ग्रॅम पुरे. रात्री थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळून घेतली तर पोटात मुरडा कमी येतो, सोबत बडीशेप आणि सुंठ घालण्यामागेही तेच कारण. आठवड्यापेक्षा जास्त दिवस घेतली तर आतडं तिच्यावाचून हलेनासं होतं. मुलांना आणि पोटात दुखण्याचं कारण माहीत नसताना कोणालाच देऊ नये.

गुळवेल तुकडे केलेली घेऊ नये, लांब कांडीच मागावी. बोटाएवढी जाड, वरची पातळ साल कागदासारखी सुटणारी, आडवी कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा, आणि चव कडू. कांडीभर उठलेले गाठीसारखे फोड दिसले तर ती गुळवेलीची दुसरी जात असू शकते, ती घरात आणू नका. बारीक तुकड्यांमध्ये हा फरक ओळखताच येत नाही. काढ्याला ताजी कांडी 20 ते 30 ग्रॅम, ठेचून. यकृताचे आणि स्वप्रतिकार (ऑटोइम्यून) रोगांचे रुग्ण यांनी गुळवेल स्वतःहून सुरू करू नये. चिरायत्याच्या नावाखाली बरेचदा कालमेघ दिला जातो. कालमेघाची काडी चौकोनी आणि हिरवी, खऱ्या चिरायत्याची, म्हणजे काडेचिराईताची, तपकिरी-जांभळट, गोलसर आणि आत पोकळसर भेंडाची. दोन्ही कडू, दोन्ही कामाची, पण वैद्याने लिहून दिलेलं एक आणि पुडीत दुसरं असं होऊ नये.

काढ्याच्या तयार पुड्या बऱ्याच दुकानांत टांगलेल्या दिसतात. त्यांत काय आणि किती, हे लिहिलेलं नसेल तर सोडून द्याव्यात. घरी करायचा तर माप सोपं: 10 ग्रॅम भरड, 160 मिली पाणी, उघड्या भांड्यात मंद आचेवर 40 मिली उरेपर्यंत. एवढी एका वेळची मात्रा. झाकण ठेवून आटवलं तर पाणी आटतच नाही. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आवळा, हिरडा यांचा काढा करू नये. साली-मुळं रात्रभर भिजवली तर गुण जास्त उतरतो. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर. काढा रोज ताजा करायचा, फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवून प्यायचा नाही.

इसबगोल इथे निर्धास्त घ्यावा. भुसा पांढरा, हलका, लाल कण नसलेला हवा. एक ते दोन चमचे मोठ्या पेल्याएवढ्या पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. पाण्यात तो पटकन फुगतो, आणि कोरडा तोंडात टाकला तर घशातच फुगून अडकतो. इतर गोळ्यांच्या आधी-नंतर दोन तास सोडावेत.

बाळगुटीचा संच मागितला तर बहुतेक दुकानदार मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, मायफळ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, हळकुंड, ज्येष्ठमध असं सगळं एका पुडीत बांधून देतात. वस्तू एकेक तपासून घ्याव्यात, विशेषतः अतिविष. तो बचनागाच्या कुळातला आहे आणि त्यात चुकीला वाव नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला गुटीलाही लागू आहे. पुढे द्यायची तर सहाणेवर कुठल्या वस्तूचे किती वेढे, हे वैद्याकडून ठरवून घ्यावं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला गुटी मधात मुळीच उगाळू नये.

बचनाग, कुचला, धोत्र्याच्या बिया, गुंज अशा विषारी द्रव्यांची यादी औषध नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये आहे. त्यांची औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. शोधन, म्हणजे त्यांचं विष उतरवण्याची क्रिया, माहीत आहे का हे न विचारता ती हातात ठेवणाऱ्या दुकानातून बाकीचा मालही घेऊ नये. कोणतं द्रव्य किती दिवस घ्यावं हा प्रश्न पंसाऱ्याला विचारण्याचा नाही. त्यासाठी लोकमान्य नगरातलं शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या वैद्यांकडून चिठ्ठी घ्यावी, वनस्पतीचं शास्त्रीय नावही लिहून मागावं, आणि मग बाजारात जावं.

सेवेबद्दल दोन तक्रारी. पुड्या कागदाच्या आणि बिननावाच्या असतात. घरी आल्यावर वावडिंग कोणतं आणि पिंपळामूळ कोणतं हे ओळखता आलं नाही की सगळं फुकट जातं. पेन सोबत ठेवावं आणि दुकानातच प्रत्येक पुडीवर नाव नि तारीख टाकून घ्यावी. दुसरी, संध्याकाळी गर्दीत पोतं उघडून दाखवायला कोणाला वेळ नसतो. सकाळी दुकानं उघडल्यावर तासाभरात गेलं तर माल हातात देऊन दाखवतात आणि परतही घेतात. गाडी राजवाड्यापासून लांब लावून पायी जावं. पावसाळ्यात खरेदी टाळावी, हवेतली ओल पुडीबरोबर घरी येते. टाळता आली नाही तर आणलेला माल दोन दिवस पातळ कापडाखाली उन्हात ठेवावा, फुलं मात्र सावलीत, आणि मग काचेच्या बरणीत भरावा.